तुरटीची पुरचुंडी

चिमाचं पत्र आलं ते शाळेच्या पत्त्यावर. सोजरबाईंनी ते पडवीत उभ्या उभ्या वाचलं, बारीक घडी घालून पदराच्या गाठीत बांधलं आणि रांजणापाशी जाऊन हात धुतले. मग पुन्हा एकदा धुतले. त्या पत्राला त्यांनी उत्तर मात्र पाठवलं नाही.

पत्र तसं लहानच होतं. चिमा ही त्यांची एकुलती एक लेक, माळशिरसला उसाच्या घरात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करून, पोरगा घेऊन सासरी गेलेली. तिनं लिहिलं होतं, ‘आई, तू बांधून दिलेल्या पुरचुंड्या मी रोज घेते. तिथं फार आग होते. हे जवळ आले की अंग लाकडासारखं होतं. मला यांचा राग नाही गं. तू म्हणाली होतीस, बाईच्या जातीला सोसावं लागतं. पण एवढं असतं का? बंद करू का, तेवढंच कळव. आत्यांना विचारायची सोय नाही. त्या म्हणतात, तुझ्या आईनंच सांगितलंय.’ आत्या म्हणजे तिची सासू, बजाबाई.

सोजरबाईंना पहिल्यांदा आली ती किळस. दुखतंय म्हणून पोरीनं लिहिलं, हे त्यांच्या मनात शिरलंच नाही. असलं कागदावर लिहायला तिचा हात कसा धजला, एवढंच शिरलं. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत बाई म्हणून त्यांचा जन्म गेला. मुलींच्या वहीत शाईचा डाग दिसला तरी त्यांना सहन होत नसे. आणि पोटच्या पोरीनं हा डाग पाकिटात घालून पाठवला होता.

दुसरं कारणही होतंच. माळशिरसच्या घरात पत्र आलं की ते चिमाचे सासरे हिंदुराव सोप्यात बसून मोठ्यानं वाचत, आणि घरदार, गडीमाणसंसुद्धा भोवती बसून ऐकत. तिथं काय लिहून पाठवायचं? हे कारण सोजरबाईंना बरं सापडलं. त्याच्या आड त्या बरेच दिवस बसून राहिल्या.

पुरचुंडीची गोष्ट अशी. सोलापुरात नळाला गढूळ पाणी येई तेव्हा घरोघर तुरटीचा खडा हंड्यात फिरवत. गाळ खाली बसे, वर पाणी नितळ. सोजरबाईंच्या माहेरच्या बायकांनी त्या तुरटीचा आणखी एक उपयोग धरून ठेवला होता. बाळंतिणीचा महिना उलटला की तुरटी तव्यावर फुलवायची, तिची लाही कुटायची, मलमलीच्या चिंधीत बांधायची. ती आत ठेवली की अंग पहिल्यासारखं आवळतं, नवऱ्याचं मन उडत नाही. सोजरबाईंना त्यांच्या आईनं हे भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं. त्यांनीही चिमाला भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं. आणि पाठवणीच्या दिवशी डिंकाच्या लाडवांच्या डब्याबरोबर पुरचुंड्या बजाबाईंच्या हाती देताना, शाळेतल्या आवाजात, एवढंच म्हणाल्या, “यात खंड पडू देऊ नका.”

उन्हाळा तापला होता. एका रविवारी बजाबाई स्वतःच दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर गुळाची ढेप, बोटावर मिश्री.

“काय वो तुमच्या सोलापूरचं ऊन, इहीणबाई! एस्टीतनं उतरले तर चपलेला डांबर चिकटलं.” बजाबाईंनी मोरीत पिचकारी टाकली, चूळ भरली आणि ऐसपैस बसल्या. काळी लाळ मोरीच्या कडेला तशीच राहिली. सोजरबाईंनी तिकडून डोळे काढून घेतले.

“चिमा कशी आहे?”

“कामाला वाघीन हाय तुमची पोर. खोटं कशाला बोलू? पर इहीणबाई, दिवा मालवला की बी वाघीनच ऱ्हाती की!” स्वतःच्याच बोलण्यावर बजाबाई खदखदून हसल्या. मग हसू विरलं आणि त्या पुढं सरकल्या. “नवऱ्याच्या, रावजीच्या हाताला चावली. ह्ये एवढं. पोरगं मदी घालून निजती. रावजी माझा गरीब, कुनाला सांगनार? आता खळ्यात झोपतोय.”

सोजरबाईंनी तांब्याभांडं पुढं केलं. “आणि ते... औषध?”

“त्ये चुकवत न्हाय हां!” बजाबाईंनी छातीवर हात ठेवला. “तुमी शिकल्यालं मानूस. तुमचा शबूद आमी खाली पडू द्यू व्हय? पोरगी टाळाय बगती. म्हून मी सोता समोर हुबी ऱ्हाती, घेतल्याबिगर सोडत न्हाय. तुमच्या पुरचुंड्या सपल्या, मग मी घरीच केल्या. जरा जास्तच घालती तुरटी. गुन लवकर यावा म्हून.”

बाई खरंच प्रेमानं सांगत होती. मिश्रीच्या बोटांची ती बाई चिमासमोर उभी आहे, चिमा भिंतीला टेकली आहे, आणि दोघींच्या मध्ये त्यांचा स्वतःचा शब्द उभा आहे, असं त्यांना लख्ख दिसलं.

“देवरुषाला दावली,” बजाबाई पुढं सांगत होत्या. “बाहेरचं हाय म्हनला. अवसंला मिरच्यांची धुरी द्यायची. खालनं.”

“खालनं?”

“मग! जितनं शिरलं तितनंच भाईर काडायचं की. त्यानंबी न्हाय उतरलं, तर राग मानू नका, पोरगी तुमच्याकडं आनून सोडतो. नातू आमचा आमच्याकडं ऱ्हाईल. रावजीला दुसरी बगावी लागंल. माझ्या नंदंची हाय एक.”

“मी येते तिकडं. आजच येते तुमच्याबरोबर.”

“नगं, नगं!” बजाबाई दचकल्याच. “अवस हुईपातूर म्हायेरचं मानूस उंबऱ्यात नगं, असं सांगितलंय त्यानं. आलात तर समदं आमच्यावर उलटंल. दारातनं माघारी धाडावं लागंल तुमाला. बरं दिसंल का त्ये?”

त्या गेल्यावर सोजरबाई मोरीपाशी गेल्या. कडेची काळी लाळ त्यांना धुवायची होती. वाकल्या आणि सकाळचं खाल्लेलं सगळं बाहेर पडलं.

अमावास्येला आठवडाही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा सांगून त्या डॉक्टरीण बाईंकडे निघाल्या. दाक्षायणीबाईंचा दवाखाना मंगळवार पेठेच्या पलीकडे. वाटेत बाजाराच्या तोंडाशी एक माणूस घोंगडं पसरून बसला होता. पुढ्यात जिवंत सरडे, कमरा मोडलेले, आणि स्टोव्हवर कढईत त्यांचंच तेल. भोवती पुरुषांचा गराडा. “मर्दानी ताकद! घोडा बनाता है, घोडा!” तो ओरडत होता आणि बाप्ये हसत हसत बाटल्या खिशात घालत होते. सोजरबाईंनी पदर नाकाला लावला. या गावात पुरुषांसाठी भर रस्त्यात सरडे उकळतात. बायकांसाठी काय, तर तुरटी. तीही भिंतीकडे तोंड करून. असं काही त्यांच्या मनात आलं आणि आलं म्हणूनच त्या स्वतःवर चिडल्या.

दवाखान्यात फिनेलचा वास होता. ताटलीत रबरी हातमोजे उलटे करून वाळत घातले होते, सोललेल्या कातडीसारखे. सोजरबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“आमच्या शेजारी एक बाई आहे,” त्यांनी सुरुवात केली.

दाक्षायणीबाई अक्कलकोटकडच्या. आवाज मोठा, हेल कानडी. त्या हसल्या. “या सोलापुरात शेजारच्या बायकाच फार आजारी पडतात हो बाई. घरच्या कुणी पडतच नाहीत. सांगा, काय होतंय शेजारणीच्या लेकीला?”

“लेकीला म्हटलं नाही मी.”

“बरं, नाही म्हटलं. सांगा की.”

सोजरबाईंनी सांगितलं. शब्द वगळत, गाळलेल्या जागा भरायला लावतात तसं सांगितलं. दाक्षायणीबाई त्या जागा एकेक भरत गेल्या, इतक्या मोठ्यानं की पडद्याबाहेरच्या बायकांची कुजबुज थांबली.

“तुरटी? रोज? आत?”

“हळू बोला हो.”

“पाणी निवळताय का पोरीतलं?” दाक्षायणीबाईंनी टेबलावर हात आपटला. “बाई, तुरटीनं कातडं कमावतात. जनावराचं. मऊ कातडी आहे ती आतली, तोंडातल्यासारखी. रोज तुरटी चोळली तर भाजणार नाही का? ओली जखम आहे तिला. त्या जखमेवर नवरा जातो, ती चावेल नाही तर काय आरती करेल?”

“म्हणजे बाहेरचं नाही?”

“बाहेरचंच आहे की. बाहेरून तुम्ही घातलेलं.” आणि धुरीचं ऐकल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. “ते करू देऊ नका. काहीही करा, पण ते करू देऊ नका. जखमेत मिरची गेली तर पोर जन्मभर कुणाला जवळ येऊ देणार नाही.”

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. तुरटी आजच बंद. महिनाभर कोमट पाणी, दुसरं काही नाही. नंतर इकडे आणून दाखवायचं. नवऱ्यानं तोवर वेगळं झोपायचं. “आणि त्यानंतरही बाई, ती हो म्हणेल तेव्हा. बोलावं, हसावं, दुखतंय का विचारावं. बाईचं मन तयार झालं की अंग तयार होतं. तिलाही सुख असतं त्यात.”

सोजरबाईंचं तोंड आपोआप वाकडं झालं. कुजकं काही दाताखाली यावं तसं.

“का हो, काय झालं?”

“हे असलं... शोभतं का?”

“आणि तुरटी शोभते?” दाक्षायणीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला. “त्या शेजारणीनं स्वतः किती वर्षं वापरली, बाई?”

सोजरबाईंनी ताटलीतल्या हातमोज्यांकडे पाहिलं. “पाळी जाईपर्यंत,” त्या म्हणाल्या.

दाक्षायणीबाईंनी उठून माठातलं पाणी आणून दिलं. पेला काचेचा होता, पाणी अगदी नितळ. तळाशी गाळाचा बारीक थर होता. सोजरबाईंनी पेला ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

रस्ताभर त्या चालत होत्या की वाहत होत्या, त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांना पाढे आठवत होते. चिमा झाल्यानंतरच्या सगळ्या वर्षांत, दिवा मालवला की त्या डोळे मिटून मनात पाढे म्हणत. सोपे पाढे लवकर संपत, म्हणून अवघड धरले. एकोणतीसचा पाढा त्यांना तेव्हाच पक्का झाला. पुढं शाळेत मुली एका सुरात एकोणतीसचा म्हणू लागल्या की त्यांच्या अंगावर शहारा येई आणि काहीतरी निमित्त काढून त्या वर्गाबाहेर जात. याला त्या सोवळेपण समजत आल्या होत्या. चांगल्या घरच्या बाईला किळस यावीच, अशी त्यांची समजूत होती. ती किळस नव्हती. ती जखम होती. आणि हे कळल्यावर किळस कमी व्हायला हवी होती, तर ती वाढतच चालली होती. फक्त तिनं तोंड फिरवलं होतं. आता ती त्या भिंतीची येत होती, मलमलीच्या चिंध्यांची, आईच्या सांगण्याची, स्वतःच्या शाळेतल्या आवाजाची.

घरी त्यांचे यजमान आबासाहेब दाढी करत बसले होते. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून दाढी ते दुपारीच करत. सगळं आयुष्य भोंग्यावर काढलेला, वर मान करून न बोलणारा माणूस. उरलेला वेळ वाचनालयातली पुस्तकं वाचायची. दाढी उरकून त्यांनी तुरटीची वडी गालावर फिरवायला घेतली, तोच सोजरबाईंनी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि अंगणात भिरकावली.

“अगं...”

“घरात दिसता कामा नये ती. हंड्यातलीसुद्धा.”

आबासाहेबांनी टॉवेलनं गाल पुसला. मग सोजरबाईंनीच सांगितलं. चिमाचं सांगितलं, धुरीचं सांगितलं. शेवटी भिंतीकडे वळू पाहणारं तोंड जोर करून त्यांच्याकडे ठेवलं आणि स्वतःचंही सांगितलं.

आबासाहेब आरशाची फ्रेम बोटानं पुसत राहिले. स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “तुला माझी किळस येते.”

“यायची.”

“व्हय. दिसायचं ते.”

“तुमची न्हाय वो. त्या सगळ्याची. तुमी त्यात हुता, म्हणून तुमचीबी.” शाळेतली भाषा गळून पडली होती, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“तू ओठ हलवायचीस अंधारात. मला वाटायचं, देवाचं नाव घेतीस. ह्याच्यातनं सोडव म्हणून.”

“एकोणतीसचा पाढा म्हणत हुते.”

आबासाहेबांच्या तोंडातून आवाज निघाला तो हसण्याचा होता की कशाचा, सांगता आलं नसतं. “इचारायला पायजे हुतं मी. पण कसं इचारायचं असतं, तेच ठावं न्हवतं. पुस्तकात तसलं काय नसतं.”

“इचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं,” सोजरबाई म्हणाल्या. “उलट आठवडाभर बोलले नसते तुमच्याशी.”

हे खरं होतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. आबासाहेबांनी आरसा भिंतीला अडकवला. “आता पोरीचं बग,” ते म्हणाले.

सोजरबाई कागद घेऊन बसल्या. ‘चि. सौ. चिमास आशीर्वाद. दिलेले औषध आता घेऊ नये.’ वाचून पाहिलं आणि फाडलं. कोणतं औषध, का घेऊ नये, असं बजाबाई विचारणारच. इहीणबाईंचा आधीचा शब्द पक्का, हा मोघम, असं म्हणून पुरचुंडी पुन्हा हातात देणार. दुसऱ्या कागदावर सगळं उघड लिहायला घेतलं.

“पाकिटात घालून नीट चिकटव,” आबासाहेब हळूच म्हणाले.

सोजरबाईंची लेखणी थांबली. पाकीट हिंदुराव फोडणार. पहिल्या ओळीलाच त्यांचा आवाज बसणार. कागद बंडीच्या खिशात जाणार आणि ते म्हणणार, इहीणबाई खुशाल हायत. अमावास्येला चुलीवर मिरच्या पडणारच.

“पाकीट नको,” त्या म्हणाल्या. “कार्ड द्या.”

“कार्ड? अगं, वाटेतला पोस्टमन वाचतो कार्ड! माळशिरसात तर पारावर बसून वाचतात.”

“वाचू दे की. पारावर वाचलं की घरात दडवता येणार न्हाय. अन् गावाला कळल्यावर धुरी द्यायला कुणाचा हात उचलणार न्हाय.”

“चिमाला काय वाटंल?”

“लाज वाटंल. माझं तोंड बघणार न्हाय, कदाचित.” सोजरबाईंनी कार्ड पुढं ओढलं. “पण आग थांबंल.”

त्यांनी बारीक, गोल, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं:

‘सौ. बजाबाई इहीणबाई यांस सोजरबाईचा नमस्कार. हे कार्ड सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. मी चिमाला दिलेली तुरटी आजच बंद करावी. तिने आतली कातडी भाजते. चूक तुमची नाही, चिमाची नाही, माझी आहे. डॉक्टरीण बाईंनी सांगितले आहे, अंगात काही शिरलेले नाही. धुरी देऊ नये, दिल्यास जन्माची जखम होईल. महिनाभर कोमट पाणी, दुसरे काही नाही. रावजींनी तोवर वेगळे झोपावे. पुढेही चिमा हो म्हणेल तेव्हाच जवळ जावे, दुखते का विचारावे. तिलाही’

इथं हात अडला. तुरटी लिहिताना अडला नव्हता, कातडी लिहिताना अडला नव्हता. पुढचा शब्द मुलींच्या निबंधात त्यांनी हजारदा तपासला होता, आणि आता तो लिहायचा म्हटलं तर घशाशी आंबट आलं. त्यांनी लेखणी पुन्हा दौतीत बुडवली. मग लिहिलं: ‘सुख वाटले पाहिजे. मीही ही तुरटी संसारभर वापरली आहे, म्हणून खात्रीने लिहिते. महिना होताच चिमाला डॉक्टरीण बाईंना दाखवायला न्यायला येते.’

पेटीत टाकून भागणार नव्हतं. माळशिरसची थैली संध्याकाळच्या आत बांधत. सोजरबाई पोस्टाच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आतल्या कारकुनानं कार्ड घेतलं, पत्ता पाहिला आणि सवयीनं पाठ उलटली. त्याचे डोळे ओळीवरून ओळीवर उतरत गेले. कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. मग त्यानं मान वर केली तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं, कुजकं काही दाताखाली यावं तसं. ते वाकडेपण सोजरबाईंच्या चांगलं ओळखीचं होतं.

“बाई, तुम्ही शाळेतल्या ना? हे असलं उघड्यावर? निदान पाकिटात तरी...”

“अक्षर लागतंय का?” सोजरबाईंनी विचारलं.

“आं?”

“अक्षर. बारीक काढलंय. वाचता येतंय ना सगळं?”

“येतंय.”

“शेवटपर्यंत?”

कारकुनानं दोन बोटांच्या चिमटीत कार्ड धरलं, मेलेलं झुरळ धरावं तसं, शिक्का आपटला आणि माळशिरसच्या थैलीत टाकलं. मग धोतराला बोटं पुसली.

“पडलं बाई. जा आता.”

सोजरबाई गेल्या नाहीत. थैलीचं तोंड आवळून, सुतळीनं बांधून, त्यावर लाख पडेपर्यंत त्या खिडकीशी उभ्याच राहिल्या. तोंडात तुरटीची चव होती, आणि ती गिळवत नव्हती.